जॉर्डन की लेब्रॉन? एनबीएच्या वादात उतरणाऱ्या नवख्यांसाठी

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, बघणारे चार जण जमले की जॉर्डन मोठा की लेब्रॉन, हा प्रश्न निघतोच. तो निघाला की पाठोपाठ दुसरेही येतात. जॉर्डन १९९० मध्ये गप्प का बसला? लेब्रॉन चीनबद्दल तसं का बोलला? बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलने जे सोसलं त्याचं मोल कशात धरायचं? नवख्याला वाटतं, खेळाच्या गप्पांत हे राजकारण कुठून घुसलं. ते बाहेरून आलेलं नाही. एनबीएच्या आकड्यांतच ते मुरलेलं आहे आणि हे ज्याला दिसत नाही त्याचं आकड्यांचं गणितही चुकतं. पुढच्या पायऱ्या आधी आकडे, मग सामाजिक प्रश्न, अशा क्रमाने लावल्या आहेत. पहिल्या चार टाळून थेट सामाजिक प्रश्नांवर उडी मारू नका.

पायरी १: आधी प्रश्न ठरवा

निम्मे वाद होतात ते दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात म्हणून. ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणजे काय, हे समोरच्याला सुरुवातीलाच विचारा. ऐन भरातली तीन-चार वर्षं बघायची असतील तर मायकेल जॉर्डनला मागे टाकणं फार अवघड आहे: स्कोअरिंगची (सीझनमध्ये सर्वाधिक सरासरी गुणांची) १० विजेतेपदं, शिवाय १९८८ मध्ये एकाच सीझनला एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) आणि सर्वोत्तम बचावपटू. पूर्ण कारकिर्दीची बेरीज करायची असेल तर मुकाबला करीम अब्दुल-जब्बार आणि लेब्रॉन जेम्स यांच्यात होतो. एकूण गुणांचा विक्रम जवळपास ३९ वर्षं करीमच्या नावावर होता; त्याचे गुण ३८,३८७. लेब्रॉनने ७ फेब्रुवारी २०२३ ला ते ओलांडले. विजेतेपदंच मोजायची तर रसेलच्या १३ सीझनमधल्या ११ पुढे बोलणंच खुंटतं.

चौथा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही: खेळाडूंचं जगणं कोणी बदललं? तिथे ऑस्कर रॉबर्टसनचं नाव येतं. त्याच्याकडे पायरी ५ मध्ये येऊ.

पायरी २: कोणता आकडा कधीपासून मोजला जातो, हे पाठ करा

हे टाचण जवळ ठेवा. एवढ्यावर पहिल्या महिनाभराच्या चुका टळतात.

- २४ सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात शॉट मारायचं बंधन): १९५४-५५ पासून
- एमव्हीपी: १९५५-५६ पासून. १९७९-८० पर्यंत मतं खेळाडू देत, त्यानंतर पत्रकार आणि समालोचक
- फायनल्स एमव्हीपी: १९६९ पासून
- ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं) आणि स्टील (चेंडू हिसकावणं): १९७३-७४ पासून
- खेळाडूनिहाय टर्नओव्हर (चेंडू गमावणं): १९७७-७८ पासून
- तीन गुणांची रेषा: १९७९-८० पासून. १९९४-९५ ते १९९६-९७ या तीन सीझनमध्ये ती जवळ आणली होती
- सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार: १९८२-८३ पासून
- हाताने अडवण्यावरची कडक बंदी: २००४-०५ पासून
- पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट: २०२३-२४ पासून

चुका कुठे होतात बघा. ‘रसेलकडे एकही फायनल्स एमव्हीपी नाही’ हे वाक्य खरं आहे आणि निरर्थकही. तो निवृत्त झाला त्याच वर्षी तो पुरस्कार सुरू झाला. त्या पहिल्या वर्षी तो मिळाला लेकर्सच्या जेरी वेस्टला, तोही फायनल हरून. आजवर हरलेल्या संघातला हा पुरस्कार मिळालेला तो एकटाच. आज या पुरस्काराला रसेलचंच नाव आहे. तसंच ‘रसेल आणि चेंबरलेनने किती ब्लॉक केले’ याचा अधिकृत आकडा अस्तित्वातच नाही. कोणी तो ठामपणे सांगत असेल तर तो मनचा आहे असं समजा.

१९९४ ते ९७ मधल्या नेमबाजांची सरासरी अचानक वाढलेली दिसली तर कौतुक करण्याआधी रेषा कुठे होती ते आठवा.

पायरी ३: एक सूत्र शिका, बाकीची नंतर

प्रगत आकड्यांचं जंगल मोठं आहे. नवख्याने एकच सूत्र हाताने करून बघावं: ट्रू शूटिंग, म्हणजे केलेल्या प्रयत्नांतून किती गुण निघाले याची टक्केवारी. एकूण गुण घ्या. मारलेल्या (पडलेल्या आणि चुकलेल्या) सगळ्या मैदानी शॉट्समध्ये फ्री थ्रोंच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉट्सच्या, प्रयत्नांची ०.४४ पट मिळवा. त्या बेरजेची दुप्पट करा आणि गुणांना तिने भागा. ०.४४ कशासाठी? फ्री थ्रो नेहमी जोडीनेच मिळतात असं नाही. शॉट पडून वर फाउल मिळाला तर एकच, तीन गुणांच्या शॉटवर फाउल झाला तर तीन, टेक्निकल फाउलचा (गैरवर्तनासारख्या चुकांवरचा) वेगळा. या सगळ्याचा हिशेब त्या आकड्यात येतो.

आता विल्ट चेंबरलेनचा १९६१-६२ चा सीझन घेऊ. त्यात सरासरी ५०.४ गुण होते आणि २ मार्च १९६२ ला हर्शी गावात एका सामन्यात १०० गुण. पूर्ण सीझनचे गुण ४,०२९, शॉट ३,१५९, फ्री थ्रो १,३६३. १,३६३ ची ०.४४ पट साधारण ६००. त्यात ३,१५९ मिळवून ३,७५९, दुप्पट ७,५१८. भागाकार ०.५३६, म्हणजे ५३.६ टक्के.

स्टेफ करीचा २०१५-१६ चा सीझन: गुण २,३७५, शॉट १,५९८, फ्री थ्रो ४००. ४०० ची ०.४४ पट १७६. बेरीज १,७७४, दुप्पट ३,५४८, उत्तर ६६.९ टक्के.

इथे थांबून ‘करी कितीतरी वरचढ’ म्हणणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. विल्टच्या त्या सीझनमध्ये लीगभर शॉट जेमतेम ४२-४३ टक्के पडत होते आणि त्याचे ५० च्या वर. त्याच्याकडे तीन गुणांची रेषा नव्हती. उलट बाजूही सांगितली पाहिजे. तेव्हा प्रत्येक संघ सामन्यात शंभराहून जास्त शॉट मारायचा, आज हा आकडा नव्वदच्या आसपास असतो. शॉट जास्त, चुकणारे जास्त, म्हणून रिबाउंडही (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) जास्त. विल्टचे सामन्याला २५.७ रिबाउंड वाचून डोळे विस्फारतात, पण तेव्हा एका संघाला सामन्यात सत्तरच्या आसपास रिबाउंड मिळत, आता त्रेचाळीस-चव्वेचाळीस मिळतात. म्हणून आकडा नेहमी त्या वर्षीच्या लीगच्या सरासरीशेजारी ठेवूनच वाचा. एवढं करूनही एक गोष्ट उरते: त्या वर्षी एमव्हीपी विल्ट झाला नाही, रसेल झाला, आणि मतं दिली होती खुद्द खेळाडूंनी.

पायरी ४: रिंगा मोजा, पण काय मोजताय ते कळू द्या

‘रिंगा किती?’, म्हणजे विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठ्या किती, हे वादातलं सगळ्यात स्वस्त हत्यार. त्याला नेहमीचं उत्तर आहे रॉबर्ट हॉरी: तीन संघांकडून सात विजेतेपदं, जॉर्डनपेक्षा एक जास्त. हॉरी जॉर्डनपेक्षा मोठा, असं कोणीच म्हणत नाही. उलट जॉन स्टॉकटनच्या १५,८०६ असिस्टच्या (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) जवळपासही कोणी नाही, आणि त्याच्याकडे एकही रिंग नाही. पण हॉरीचं नाव घेऊन रिंगांचा मुद्दाच उडवून लावणं हीसुद्धा पळवाट आहे. खरा प्रश्न असा: विजेत्या संघात तो कितव्या क्रमांकाचा खेळाडू होता?

रसेलच्या ११ विजेतेपदांवर ठरलेला आक्षेप म्हणजे ‘तेव्हा आठच संघ होते’. सुरुवातीला आठ होते, १९६९ पर्यंत चौदा झाले. आक्षेपात तथ्य आहे, कारण फेऱ्या कमी होत्या. पण आठ संघ म्हणजे दुबळे संघही कमी, आणि विल्टसारखा माणूस वर्षातून अनेकदा समोर उभा. दोन्ही बाजू मांडता येत नसतील तर हा मुद्दा काढू नका.

जॉर्डनचं फायनलमधलं ६-० आणि लेब्रॉनचं ४-६ हे दुसरं जुनं भांडण. यात एक फट आहे. जॉर्डन पहिल्या तीन वर्षांत पहिल्याच फेरीत बाद झाला आणि १९८८, ८९, ९० मध्ये डेट्रॉइटकडून हरला. ते पराभव ६-० मध्ये दिसत नाहीत. फायनल हरणं पहिल्या फेरीत हरण्यापेक्षा वाईट कसं, हे विचारलं की समोरचा बहुधा विषय बदलतो. लेब्रॉनच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही २०११ ची डॅलसविरुद्ध हरलेली फायनल लपवू नये. ती त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात नाजूक जागा आहे.

हायलाइट्सवर मत बनवू नका. किमान एक सामना अख्खा बघा, आणि एकच बघायचा तर २०१६ च्या फायनलचा सातवा सामना. सीझनमध्ये ७३ सामने जिंकलेला गोल्डन स्टेट मालिकेत ३-१ ने पुढे होता आणि लेब्रॉनच्या क्लीव्हलंडने ३-३ अशी बरोबरी साधली होती. शेवटी ८९-८९ अशा स्कोअरवर सामना पावणेचार मिनिटं अडकतो. दोन्हीकडून एकही गुण नाही, पाय जड झालेले, सोपे शॉटसुद्धा पडत नाहीत. त्यातच लेब्रॉन मागून धावत येऊन गोल्डन स्टेटच्या इग्वोडालाचा लेअप (बास्केटजवळून टाकलेला सोपा शॉट) बोर्डावर दाबतो आणि ५३ सेकंद उरले असताना त्याचा सहकारी कायरी अर्व्हिंग तीन गुणांचा शॉट टाकतो. निकाल ९३-८९. श्रेय कोणाचं, ब्लॉकचं की शॉटचं? बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकडेवारीचा तक्ता) त्या मालिकेपुरतं लेब्रॉनकडे बोट दाखवतो: गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक या पाचही रकान्यांत दोन्ही संघांत तोच पहिला. पण ती पावणेचार मिनिटं बघितल्याशिवाय त्या आकड्यांना वजन येत नाही.

पायरी ५: खेळाडू मोकळा कधी झाला ते बघा

‘पूर्वीचे खेळाडू निष्ठावान, आताचे रिंगांच्या मागे पळणारे.’ हे वाक्य तुम्ही ऐकणारच. २०१० मध्ये लेब्रॉन मायामीला गेला आणि २०१६ मध्ये केव्हिन ड्युरँट गोल्डन स्टेटला, तेव्हापासून ते जास्तच चालतं.

उत्तर कोर्टात आहे, बास्केटबॉलच्या नव्हे, न्यायाच्या. पूर्वी करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहायचा. ऑस्कर रॉबर्टसन खेळाडू संघटनेचा अध्यक्ष असताना १९७० मध्ये त्याच्या नावाने लीगविरुद्ध दावा दाखल झाला. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि खेळाडूंसाठी संघ बदलण्याची वाट उघडू लागली. तरी पूर्ण मोकळीक मिळायला १९८८ उजाडलं. त्या वर्षी टॉम चेंबर्स कोणत्याही अटीविना संघ बदलणारा पहिला खेळाडू ठरला. म्हणजे रसेल किंवा वेस्ट ‘निष्ठावान’ होते की त्यांना दारच नव्हतं, हे ठरवता येत नाही. ड्युरँटचा निर्णय तुम्हाला भ्याडपणाचा वाटला तर खुशाल म्हणा, तसं म्हणणारे खूप आहेत. फक्त जुन्यांशी तुलना करून म्हणू नका.

एकूण गुणांनाही हेच लागू आहे. लेब्रॉन २००३ मध्ये शाळेतून थेट आला. करीमच्या काळी वाट कॉलेजातूनच जात होती. ते दार उघडलं स्पेन्सर हेवूडच्या १९७१ च्या खटल्याने, जो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कोणाला किती सीझन मिळाले, हे असं न्यायालयात ठरलेलं आहे.

पायरी ६: सामाजिक प्रश्नांवर बोलताना चार गोष्टी तपासा

खेळाडू काय बोलला किंवा बोलला नाही, यावर मत देण्याआधी चार गोष्टी बघा: तारीख काय, समोर सत्ता कोणाची होती, त्याने काय पणाला लावलं, आणि पुढे नेमकं काय झालं. चारांतली दोन जरी माहीत नसतील तरी ऐकायला बसणं बरं.

सुरुवात जुन्यापासून करा. एनबीएत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू अर्ल लॉइड ३१ ऑक्टोबर १९५० ला उतरला. जानेवारी १९५९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स्टनच्या हॉटेलने लेकर्सच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना खोल्या नाकारल्या, तेव्हा एल्जिन बेलर त्या सामन्यात खेळलाच नाही. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला कॉफी शॉपने वाढायला नकार दिल्यावर रसेल आणि सेल्टिक्सचे इतर कृष्णवर्णीय खेळाडू प्रदर्शनी सामना सोडून परत गेले. करार संपल्यावर संघ बदलायची मोकळीक नव्हती, पगार किरकोळ होते, संघाने काढलं तर दुसरं दार नव्हतं. पणाला काय लागलं होतं, हे यावरून कळतं.

आता १९९० चं दशक. नॉर्थ कॅरोलायनात सिनेटच्या निवडणुकीत हार्वे गँट हे कृष्णवर्णीय उमेदवार जेसी हेल्म्स यांच्याविरुद्ध उभे होते. जॉर्डनने जाहीर पाठिंबा दिला नाही. ‘रिपब्लिकनही बूट विकत घेतात’ अशा अर्थाचं त्याचं वाक्य पुढे प्रसिद्ध झालं. ते आपण सहकाऱ्यांत गमतीने बोललो होतो, असं त्याने २०२० मध्ये सांगितलं. ही दोन्ही वाक्यं एकत्र सांगा, एकच निवडू नका. त्याच्या खात्यात २०१६ च्या देणग्या आणि २०२० मध्ये त्याने व त्याच्या ब्रँडने वांशिक समतेसाठी दहा वर्षांकरता जाहीर केलेले १० कोटी डॉलरही येतात. ते पुरेसे की उशिरा सुचलेलं शहाणपण, हे तुमचं तुम्ही ठरवा.

पण जॉर्डनबद्दल बोलताना दोन नावं सुटता कामा नयेत. त्याचाच सहकारी क्रेग हॉजेस व्हाइट हाउस भेटीत राष्ट्राध्यक्षांसाठी पत्र घेऊन गेला होता. १९९२ नंतर त्याला कोणत्याच संघाने घेतलं नाही, आणि लीगविरुद्धचा त्याचा दावाही टिकला नाही. डेन्व्हरच्या महमूद अब्दुल-रौफने राष्ट्रगीताला उभं राहायला नकार दिला म्हणून मार्च १९९६ मध्ये त्याला एका सामन्यासाठी निलंबित केलं. मग तोडगा निघाला: उभं राहायचं, पण मान खाली घालून प्रार्थना करायची. त्याच उन्हाळ्यात त्याला सॅक्रॅमेंटोला पाठवलं गेलं. या दोघांच्या कारकिर्दी बोलल्यामुळेच संपल्या, हे कुठे सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे तसं ठासून सांगू नका. पण त्या काळात बोलण्याची किंमत काय दिसत होती, ते यातून कळतं. जॉर्डन इतका मोठा होता की त्याला ती किंमत मोजावी लागली नसती, असा त्याच्या टीकाकारांचा मुद्दा आहे, आणि तो वजनदार आहे.

२०१४ मध्ये पारडं फिरलं. क्लिपर्सचे मालक डॉनल्ड स्टर्लिंग यांच्या वर्णद्वेषी बोलण्याचं रेकॉर्डिंग बाहेर आलं. खेळाडूंनी सरावाचे शर्ट उलटे घातले आणि २९ एप्रिलला कमिशनर अ‍ॅडम सिल्व्हर यांनी आजन्म बंदी व २५ लाख डॉलर दंड जाहीर केला. लीगला शाबासकी देण्याआधी हेही सांगा की घरं भाड्याने देताना भेदभाव केल्याच्या दाव्यात स्टर्लिंग यांनी २००९ मध्येच सुमारे २७ लाख डॉलर मोजले होते. तेव्हा लीग हलली नव्हती.

मग २६ ऑगस्ट २०२०. विस्कॉन्सिनमधल्या केनोशात पोलिसांनी जेकब ब्लेकवर गोळ्या झाडल्यावर मिलवॉकी बक्स प्लेऑफच्या सामन्याला ड्रेसिंग रूममधून बाहेरच आले नाहीत. त्या दिवसाचे तिन्ही सामने पुढे ढकलले गेले, तीन दिवसांनी खेळ सुरू झाला. ‘काय साधलं?’ असं कोणी विचारलं तर ठोस उत्तर आहे: मालकांनी आपली स्टेडियम मतदान केंद्रांसाठी देण्याचं मान्य केलं. डब्ल्यूएनबीएला, म्हणजे महिलांच्या लीगला, विसरू नका. ॲटलांटाच्या सहमालक केली लॉफलर सिनेटर होत्या, आणि त्यांच्याच संघातल्या मुलींनी निवडणुकीतले त्यांचे प्रतिस्पर्धी राफेल वॉरनॉक यांच्या नावाचे शर्ट घातले. जानेवारी २०२१ मध्ये वॉरनॉक निवडून आले, पुढच्याच महिन्यात संघ विकला गेला. या विषयांवर मुली बहुतेक वेळा पुरुषांच्या आधी आणि कमी पगारावर उभ्या राहिल्या आहेत.

चीनचा विषय लेब्रॉनच्या चाहत्यांना झोंबतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये ह्यूस्टनचे जनरल मॅनेजर डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारं ट्वीट केलं आणि चीनच्या सरकारी वाहिनीने सामने दाखवणं थांबवलं. मोरींना परिस्थितीची पुरेशी माहिती नव्हती, अशा अर्थाचं लेब्रॉन बोलला. अमेरिकेत पोलिसांबद्दल बोलणारा माणूस बाजारपेठ गुंतली की मागे सरतो, ही टीका त्याला तेव्हापासून चिकटली. जॉर्डनच्या बुटांवर बोट ठेवणाऱ्याने इथे डोळे मिटले तर ते ‘आपला तो बाब्या’ झालं. योगायोग असा की मोरींचं ट्वीट आलं त्याच शुक्रवार-शनिवारी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रॅमेंटो आणि इंडियाना यांचे भारतातले पहिले एनबीए सामने चालले होते.

सॅक्रॅमेंटोचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. मार्च २०१८ मध्ये सॅक्रॅमेंटोत पोलिसांच्या गोळीबारात स्टेफॉन क्लार्क हा कृष्णवर्णीय तरुण मारला गेला. आंदोलकांनी स्टेडियमची दारं अडवली आणि सामना जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. सामन्यानंतर रणदिवे खेळाडूंसोबत मैदानात येऊन आंदोलनाच्या हक्काच्या बाजूने बोलले. मालक या विषयांवर नेहमी गप्पच असतात, असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण हाताशी ठेवा.

कोबी ब्रायंटचा वारसा निघाला की आवाज चढतात. तिथे दोनच वाक्यं जशीच्या तशी बोला: २००३ मध्ये त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला, आणि तक्रारदार महिलेने साक्ष न देण्याचं ठरवल्यावर २००४ मध्ये फौजदारी खटला मागे घेतला गेला. दिवाणी दावा पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. ‘निर्दोष सुटला’ हेही चूक आणि ‘गुन्हा सिद्ध झाला’ हेही चूक. त्याच्या ८१ गुणांच्या रात्रीचं कौतुक करायला यातलं काही लपवावं लागत नाही.

पायरी ७: टाइम मशीनचा प्रश्न आला तर

‘रसेल आज खेळला असता तर?’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी दोन अटी लिहून घ्या. एक, खेळाडू १९६२ मधून उचलून आणायचा की आजच्या आहारावर, व्यायामावर आणि प्रशिक्षणावर लहानाचा मोठा झालाय असं धरायचं? दोन, नियम कोणत्या वर्षीचे? पहिली अट ‘उचलून आणायचा’ अशी ठरली तर करीलाही १९६२ मध्ये न्या: तीन गुणांची रेषा नाही, कॅनव्हासचे बूट, आणि चेंडू हातात असताना मनगट थोडं वळलं तरी शिट्टी. अटी ठरत नसतील तर या प्रश्नावर वेळ घालवू नका. त्यापेक्षा सकाळी साडेपाच-सहाला लागणारा त्या दिवसाचा सामना बघा आणि बॉक्स स्कोअर उघडून ट्रू शूटिंग हाताने काढा.